ठरवलेला तास, लागलेला तास: नोशनमधलं माझं वेळापत्रक

नोशन या नोंदी ठेवायच्या ॲपवर रोजचं वेळापत्रक मांडावं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणते. मला ते एका गोष्टीसाठी आवडलं. काम, त्यासाठी ठरवलेली वेळ आणि खरोखर लागलेली वेळ ही तिन्ही त्यात एकाच ओळीत राहतात. काही आठवड्यांनी त्या ओळी एकत्र लावून पाहिल्या की दिवसात किती काम मावतं हे अंदाजानं सांगावं लागत नाही, समोर दिसतं. बाकी रंग, चित्रं, चिन्हं, तयार टेम्प्लेटं (आयते साचे) हे सगळं आहे आणि छान आहे, पण त्याच्यासाठी मी हे ॲप सुचवणार नाही.

मी मुद्रितशोधन आणि भाषांतर करते, घरी बसून. एका वेळी दोन-तीन प्रकाशकांची प्रुफं, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, हातात असतात. एकाचं पहिलं प्रूफ चालू, दुसऱ्याचं शेवटचं छपाईला जायच्या बेतात, आणि मध्येच कुणाचा तरी निरोप येतो की मलपृष्ठाचा मजकूर तेवढा आज बघून द्या. वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांचे व्यायाम सकाळ-संध्याकाळ मी आणि भाऊ मिळून बघतो, त्या वेळा हलत नाहीत. म्हणजे माझ्या दिवसात दोन जातीच्या वेळा आहेत. काही घड्याळाला बांधलेल्या, तर काही ‘आज केव्हाही, पण आजच’ अशा. कॅलेंडरला पहिल्या कळतात, कामांच्या यादीला दुसऱ्या. दोन्ही एका जागी दिसायला हव्यात ही माझी गरज होती.

आधी कामांच्या यादीचं एक साधं ॲप वापरत होते. त्यात खूण केली की काम गडप. किती वेळ लागला, मागच्या महिन्यात असं काम कधी केलं होतं, याचा मागमूस राहायचा नाही. झालेल्या कामाची नोंद हीच पुढच्या कामाचा अंदाज बांधायची शिदोरी असते, आणि तीच तिथे रोज टाकून दिली जात होती.

नोशनची मुळातली रचना इथे कामी येते. त्यात सगळं ब्लॉकचं, म्हणजे सुट्या तुकड्यांचं, आहे: परिच्छेद हा ब्लॉक, चौकट हा ब्लॉक, चित्रही ब्लॉक. २०१८ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत डेटाबेस आले आणि ॲपचं स्वरूपच पालटलं. हे डेटाबेस दिसायला एक्सेलच्या तक्त्यासारखे असले तरी एक मोठा फरक आहे. इथली प्रत्येक ओळ म्हणजे एक अख्खं पान. ओळीवर ‘ओपन’ केलं की आत कोरी जागा मिळते, तिथे हवं ते लिहा. माझ्या वेळापत्रकातली ‘पहिलं प्रूफ, सकाळची बैठक’ ही ओळ उघडली की आत त्या बैठकीत सापडलेल्या शंका, लेखकाला विचारायचे प्रश्न, कुठल्या पानावर थांबले ते सगळं असतं. वेळापत्रक आणि कामाची वही वेगळी राहत नाही.

आता माझी मांडणी सांगते, कारण नोशनचं परीक्षण मांडणीशिवाय करता येत नाही. ते उघडल्यावर कोरं पान मिळतं, पुढचं सगळं आपण बांधायचं.

एक टेबल ‘कामं’ नावाचं. त्यात पुस्तक किंवा भाषांतराची एक ओळ, शेवटची तारीख, एकूण पानं. दुसरं टेबल ‘बैठका’. यातली एक ओळ म्हणजे कामाला बसण्याची एक वेळ. हा भेद महत्त्वाचा आहे. पुस्तक ही वेळापत्रकात टाकायची गोष्ट नव्हेच, ते आठवडेच्या आठवडे चालतं. वेळापत्रकात जाते ती बैठक. बैठकीची ओळ पुस्तकाच्या ओळीला जोडायला ‘रिलेशन’ नावाचा कॉलम असतो. जोडल्यावर ‘कामं’ टेबलात ‘रोलअप’ लावायचा, त्यातून त्या पुस्तकाच्या सगळ्या बैठकांची मिनिटं आपोआप बेरजेत येतात. पुस्तक संपलं की त्याला एकूण किती तास गेले हे वेगळं मोजायला लागत नाही. पुढच्या वेळी तशाच कामाचा मोबदला सांगताना मी ही बेरीज बघते.

‘बैठका’ टेबलात कॉलम मोजकेच ठेवलेत. ठरलेली वेळ हा तारखेचा कॉलम, त्यात ‘एंड डेट’ आणि ‘इन्क्लूड टाइम’ ही दोन बटणं चालू करायची, म्हणजे एकाच रकान्यात सुरुवात आणि शेवट दोन्ही बसतात. प्रकार हा निवडीचा कॉलम: पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, शेवटचं प्रूफ, भाषांतर, पत्रव्यवहार. पानांची संख्या. स्टेटस, म्हणजे बाकी, चालू, झालं. आणि दोन तारखेचे कॉलम, ‘सुरू’ आणि ‘संपलं’. प्राधान्य, ऊर्जेची पातळी, मनःस्थिती, टॅग असले कॉलम तयार टेम्प्लेटांमध्ये हमखास असतात, ते मी घेतलेले नाहीत. जो कॉलम भरायला कामाच्या गडबडीत हात जाणार नाही तो टेबलात ठेवण्यात अर्थ नाही, कारण अर्धवट भरलेल्या कॉलमवर लावलेला फिल्टर, म्हणजे ठरावीक ओळीच दाखवणारी चाळणी, खोटं चित्र दाखवतो.

‘सुरू’ आणि ‘संपलं’ हे हातानं भरायचे नाहीत. डेटाबेसमध्ये बटणाचाही कॉलम करता येतो. मी दोन बटणं केलीत. पहिलं दाबलं की त्या ओळीच्या ‘सुरू’मध्ये त्या क्षणाची वेळ जाते आणि स्टेटस ‘चालू’ होतं. दुसरं दाबलं की ‘संपलं’मध्ये वेळ जाते आणि स्टेटस ‘झालं’. प्रुफावरून नजर न काढता एक टिचकी मारायची, एवढंच. घड्याळ बघून लिहायचं असतं तर ही सवय टिकली नसती.

मग फॉर्म्युला. ‘डेटबिटवीन’ नावाचं फंक्शन दोन तारखांमधलं अंतर काढतं. त्यात आधी ‘संपलं’ द्यायचं, नंतर ‘सुरू’, आणि शेवटी अवतरण चिन्हांत एकक, म्हणजे ‘मिनिट्स’. क्रम उलटा झाला की उत्तर ऋण येतं. ठरलेल्या वेळेच्या एकाच रकान्यातून सुरुवात आणि शेवट वेगळे काढायला ‘डेटस्टार्ट’ आणि ‘डेटएंड’ आहेत. असे दोन फॉर्म्युले लिहिले की ‘ठरवलेली मिनिटं’ आणि ‘लागलेली मिनिटं’ शेजारी शेजारी उभी राहतात. तिसरा फॉर्म्युला लागलेल्या मिनिटांना पानांनी भागतो. गणित शाळेतलं आहे, घाबरण्यासारखं काही नाही. फंक्शनची नावं इंग्रजी असली तरी कॉलमची नावं मराठीत ठेवता येतात आणि फॉर्म्युल्यात ती तशीच चालतात.

आता मजा इथून. टेबलाला ‘प्रकार’प्रमाणे गटवार लावायचं आणि प्रत्येक गटाच्या तळाशी ‘कॅल्क्युलेट’मधून सरासरी निवडायची. पहिल्या प्रुफाचा गट, त्याखाली पानामागे सरासरी मिनिटं. शेवटच्या प्रुफाचा गट, त्याखाली त्याची सरासरी. फर्म्याला, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या संचाला, मी पहिल्या प्रुफासाठी दीड तास धरत आले होते. माझ्या क्षेत्रातले बरेचजण तेवढाच धरतात. टेबलानं तळटिपा असलेल्या पुस्तकांसाठी सव्वादोन तास दाखवले, आणि कथा-कादंबरीसाठी दीड तासाच्याही आत. दोन्ही एकाच मापानं मोजले जात होते. का, हे ओळी उघडून आतल्या नोंदी वाचल्या तेव्हा कळलं. तळटिपेचा आकडा मजकुरातल्या आकड्याशी जुळतो का, टीप त्याच पानावर आलीय की पुढच्या पानावर सरकलीय, संदर्भसूचीत त्या पुस्तकाचं साल तेच आहे का, अशा मागे-पुढे उड्या मारण्यात वेळ जात होता. वाचायला जास्त वेळ लागत नव्हता, उलटायला लागत होता. म्हणून आता अशा पुस्तकाला मी वेगळी बैठक ठेवते, फक्त टिपा जुळवायची. मजकूर वाचताना टिपांकडे बघतच नाही. कामाची ही फोड मला नुसत्या कॅलेंडरनं सुचवली नसती.

यामागे जुनं संशोधन आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं की माणसं स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना त्याच कामाच्या आत शिरून विचार करतात, तसल्या आधीच्या कामांना किती वेळ लागला होता याकडे पाहतच नाहीत. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. लागले ५५ हून थोडे जास्त. सगळं वाईटात वाईट घडलं तर किती, असंही विचारलं होतं, त्याची सरासरी आली ४९ च्या आसपास. म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. यावर त्या मंडळींच्या लिखाणातून निघणारा उपाय साधा आहे: आपल्याच जुन्या कामांचे आकडे समोर ठेवा. नोशनमधलं गटवार टेबल हे काम चोख करतं. म्हणूनच मला वाटतं की वेळापत्रकाच्या ॲपमध्ये पुढचा आठवडा दिसतो त्याइतकाच मागचा आठवडा दिसायला हवा. बहुतेक ॲपं मागचं पुसतात किंवा कोपऱ्यात टाकतात.

रोज सकाळी मात्र मी हे मोठं टेबल उघडत नाही. ‘आज’ नावाचं एक पान आहे, त्यावर त्याच टेबलाचा ‘लिंक्ड व्ह्यू’ लावलाय. ओळी त्याच, खिडकी वेगळी. फिल्टर असा: ठरलेली वेळ ‘आज किंवा त्याआधी’ आणि स्टेटस ‘झालं’ नाही. ‘फक्त आज’ असा फिल्टर लावला की काल राहिलेली बैठक रात्री बारा वाजता नजरेआड होते. ‘आज किंवा त्याआधी’ लावला की ती वर येऊन बसते, तिला नवी तारीख द्या किंवा ती काढून टाका, तिसरा मार्ग नाही. वेळेप्रमाणे क्रम लावायचा. एवढ्या एका बदलानं वेळापत्रक प्रामाणिक राहतं. याच पानावर खाली आठवड्याचा व्ह्यू आणि ‘कामं’ टेबलातल्या पुढच्या दोन शेवटच्या तारखा. फोनवर एका बोटाच्या सरकवणीत सगळं दिसतं.

तासांच्या रेघा हव्या असतील तर गोष्ट जरा वेगळी होते. डेटाबेसचा स्वतःचा ‘कॅलेंडर व्ह्यू’ महिन्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा आहे, दिवसाच्या चौकोनात कामांच्या पट्ट्या. नऊ ते अकरा ही बैठक किती लांब आहे आणि बारापर्यंत मध्ये किती जागा उरते, हे त्यात डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी नोशन कॅलेंडर हे वेगळं ॲप घ्यावं लागतं. ते मुळात क्रॉन नावाचं स्वतंत्र ॲप होतं. नोशननं ते २०२२ मध्ये घेतलं आणि जानेवारी २०२४ मध्ये नव्या नावानं आणलं. दोन ॲपं वेगवेगळी का, याचं उत्तर या इतिहासात आहे. जोडणी मात्र चांगली आहे. ‘बैठका’ टेबल कॅलेंडरला जोडलं की प्रत्येक बैठक तासांच्या रेघांवर तिच्या लांबीएवढी दिसते. ओढून दुपारी नेली की टेबलातली तारीखही बदलते. खालची कड ओढून बैठक अर्धा तास लांबवली की ‘ठरवलेली मिनिटं’ तिकडे आपोआप वाढतात. आठवड्याची आखणी मी इथेच करते, टेबलात नाही. मोकळी जागा दिसायला हवी असेल तर तासांचा पट हवाच.

पुनरावृत्ती हा या सगळ्यातला सर्वांत अडचणीचा भाग, आणि तो आधी माहीत असलेला बरा. नोशनमध्ये रोजचं किंवा आठवड्याचं काम पुन्हा पुन्हा आणायला टेम्प्लेटला ‘रिपीट’ लावतात. दररोज, दर आठवड्याला, दर महिन्याला असं ठरवता येतं. पण ते करतं काय, तर ठरलेला दिवस उजाडला की नवी ओळ तयार करतं. पुढच्या महिन्याच्या ओळी आधीच बनवून ठेवत नाही. म्हणजे पुढच्या गुरुवारचं पान आज उघडलं तर त्यावर रोजचे व्यायाम दिसणार नाहीत, आणि ती वेळ मोकळी आहे असं समजून तिथे दुसरं काम टाकलं जाऊ शकतं. वेळापत्रकासाठी ही मोठी उणीव आहे. साधी कॅलेंडर ॲपं हे काम केव्हापासून व्यवस्थित करतात.

मी मार्ग काढलाय तो असा. घड्याळाला बांधलेल्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेळा, म्हणजे वडिलांचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टची भेट, दर आठवड्याचा ठरलेला फोन, या सगळ्या गूगल कॅलेंडरमध्ये आवर्ती घटना म्हणून टाकल्यात. नोशन कॅलेंडर गूगलचं कॅलेंडर आणि नोशनचं टेबल एकाच पटावर दाखवतं. घट्ट वेळा तिकडून येतात, सैल बैठका इकडून, आणि मधली रिकामी जागा खरी असते. रिपीट लावलेलं टेम्प्लेट मी फक्त एकाच कामाला ठेवलंय: आठवड्याच्या शेवटी आढावा घ्यायचं पान. ते त्या दिवशीच लागतं, आधी दिसायची गरज नाही, आणि आत प्रश्न आधीच लिहिलेले येतात.

आठवणीच्या बाबतीत जपून. तारखेच्या रकान्यात ‘रिमाइंड’ असतं: वेळेवर, काही मिनिटं आधी, तासभर आधी, एक दिवस आधी. ते त्या त्या ओळीपुरतं असतं, सगळ्या कॉलमला एकदम लावता येत नाही. फॉर्म्युल्यानं काढलेल्या तारखेलाही ते लागत नाही. आणि ती सूचना असते, गजर नव्हे. फोनवर येते आणि बाकीच्या सूचनांमध्ये मिसळून जाते. प्रुफाच्या तारखेसाठी पुरते. औषधाच्या वेळेसाठी फोनचं घड्याळ लावा, त्यात दुसरा विचार करू नका.

पानाच्या मजकुरात कुठेही ‘ॲट’चं चिन्ह टाकून तारीख लिहिता येते आणि तिलाही आठवण जोडता येते. बैठकीच्या नोंदीत ‘लेखकाला विचारणे’ असं लिहून पुढे उद्याची तारीख आणि आठवण टाकली की ती नोंद योग्य वेळी वर येते. ‘उद्या’सारखा तारखेचा शब्द मात्र इंग्रजीतच टाइप करावा लागतो, मेनूही मराठीत नाहीत. आतला मजकूर देवनागरीत कितीही लिहा, काही अडत नाही.

तयार टेम्प्लेटांबद्दल थोडक्यात. शेकड्यांनी आहेत. दिसायला देखणी, आत टेबलांचं जाळं. दुसऱ्याच्या दिवसाला बेतून केलेली असतात, त्यामुळे कुठला फिल्टर कशाला लावलाय हे उलगडण्यात जास्त वेळ जातो. एक-दोन उघडून आतली रचना कशी केलीय ते बघा, शिकायला चांगली आहेत. मग बंद करा आणि आपलं टेबल शून्यातून करा. चार कॉलमांनी सुरुवात केली तरी पुष्कळ. कॉलम नंतर कधीही वाढवता येतो, जुन्या ओळी तशाच राहतात.

टेबल मोठं होत गेलं की ते जड होतं, हे लक्षात ठेवावं लागतं. भरपूर फॉर्म्युले, रोलअप आणि फिल्टर न लावलेला व्ह्यू असेल तर उघडायला वेळ लागतो, साध्या फोनवर जास्तच. नोशनच्या मदतपानांतही दिसणारे कॉलम कमी ठेवा, फिल्टर लावा असाच सल्ला आहे. माझ्या ‘आज’ पानावर फक्त नाव, वेळ आणि दोन बटणं दिसतात. गणितं सगळी दुसऱ्या पानावर. इंटरनेट नसेल तेव्हाचा प्रश्न बरीच वर्षं होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पानं ऑफलाइन ठेवायची सोय आली. पान आधी त्यासाठी खूण करून ठेवावं लागतं, आणि टेबलाच्या सगळ्या ओळी उतरतीलच असं नाही. प्रवासात निघण्याआधी त्या दिवसाच्या बैठकांच्या ओळी उघडून तेवढ्या खूण करून ठेवणं शहाणपणाचं.

वैयक्तिक वापरासाठीची मोफत योजना वेळापत्रकाला पुरते. २०२० पासून एकट्या माणसाला ब्लॉकच्या संख्येची मर्यादा नाही. मोफत योजनेत एकेक फाइल ५ एमबीपर्यंतच चढते आणि पानाचा जुना इतिहास ७ दिवसांपर्यंतच मागे बघता येतो. मी प्रुफांच्या फाइली तिथे ठेवतच नाही. मर्यादा आहे म्हणून नाही, तर अप्रकाशित लेखन आहे म्हणून. नोशनमधला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तो फक्त आपल्यालाच उघडता येईल अशा पूर्ण एन्क्रिप्शनखाली नसतो. वेळापत्रकात कामाचं सांकेतिक नाव पुरतं. वडिलांचे तपासणीचे अहवालही तिथे नाहीत, फक्त व्यायाम कधी आणि किती वेळा केले ते आकडे.

व्यायामांच्या ठरलेल्या वेळा गूगल कॅलेंडरमध्येच आहेत, पण ते झाल्याची नोंद करायचं टेबल मी नोशनमध्ये वेगळं ठेवलंय. बाकी सगळं एकत्र असताना हेच का वेगळं, तर ते भावाबरोबर वाटून घेतलंय म्हणून. ज्या दिवशी मला शेवटचं प्रूफ द्यायचं असतं त्या संध्याकाळी तो व्यायाम करून घेतो आणि त्याच टेबलात खूण करतो. मला प्रुफावरून उठून फोन करावा लागत नाही, “बाबांचं झालं का?” असं विचारावंही लागत नाही. एकच मोठं टेबल ठेवून, फिल्टर लावून, फक्त व्यायामाच्या ओळींचा व्ह्यू त्याला दाखवणं सोपं वाटतं. पण फिल्टर म्हणजे पडदा नव्हे. ज्याला टेबल उघडता येतं त्याला फिल्टर काढून बाकीच्या ओळीही बघता येतात. कुणाबरोबर वेळापत्रक वाटून घेणार असाल तर वाटायचं टेबल पहिल्यापासूनच वेगळं करा. नोशन कॅलेंडरमध्ये दोन्ही टेबलं एकाच पटावर आणता येतात, त्यामुळे आपलं काही अडत नाही.

महिन्यातून एकदा मी सगळं उतरवून घेते. सेटिंगमधून ‘एक्सपोर्ट’ केलं की पानं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत, आणि टेबलं सीएसव्हीमध्ये मिळतात. सीएसव्ही कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडतं. व्ह्यू, फिल्टर आणि बटणं त्यात येत नाहीत, आकडे येतात. मला जपायचे असतात ते आकडेच, कारण उद्या दुसऱ्या ॲपवर गेले तरी फर्म्यामागची मिनिटं बरोबर न्यायची आहेत. पुसलेली ओळ ३० दिवस ट्रॅशमध्ये असते, पण त्यावर विसंबून राहू नये.

ज्यांचा दिवस पूर्णपणे दुसऱ्यांनी ठरवलेला असतो, मीटिंगा, तास, पाळ्या, त्यांना एवढ्या खटाटोपाची गरज नाही. कॅलेंडरचं कुठलंही चांगलं ॲप त्यांना पुरेल, आणि पुनरावृत्ती तिथे जास्त नीट चालते. नोशन घ्यावं ते ज्यांना स्वतःच्या कामाला स्वतःच तास नेमून द्यावे लागतात त्यांनी: भाषांतर करणारे, अभ्यास करणारे, संशोधन लिहिणारे, चित्रं काढणारे, कोड लिहिणारे. एक निवांत दुपार मांडणीला द्या. बैठकांचं टेबल, ‘आज’चं पान आणि दोन बटणं, एवढं करून लगेच वापरायला लागा. सरासरी बघायची घाई करू नका, गटात पुरेशा ओळी साठल्याशिवाय ती काही सांगत नाही.

पुन्हा येणाऱ्या ओळी पुढच्या आठवड्यांत आधीच दिसतील अशी सोय नोशननं केली, तर मी गूगल कॅलेंडरचा टेकू काढून व्यायामाच्या वेळाही थेट टेबलात आणीन. तोवर दोन्ही चालू ठेवते आहे.